ठरलेला वार

वस्तीत मुलांचा वर्ग घ्यायला नवीन माणूस आला, की पहिल्या दिवशी निघताना त्याच्या कानावर हमखास एक प्रश्न पडतो. "ताई, परत येणार ना?" नाहीतर "दादा, आता कधी?" विचारणाऱ्या मुलानं आजवर बरेच ताई-दादा पाहिलेले असतात. कोणी एक दुपार खेळ घेऊन गेलेलं असतं, कोणी वह्या वाटून, कोणी नुसते फोटो काढून. जाताना प्रत्येकानं "हो, येणार" म्हटलेलं असतं. म्हणून "हो" हे उत्तर पुरत नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेचार ते सहा, वार्षिक परीक्षा होईपर्यंत" हे उत्तर पुरतं. ते देता येत नसेल तर वर्ग सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब आधी कागदावर मांडावा. दीड तासाचे दोन वर्ग म्हणजे आठवड्याला तीन तास, असं वाटतं. जाणं-येणं, साहित्य तयार करणं, वर्गानंतर नोंदी लिहिणं, अधूनमधून घरोघरी चक्कर मारणं हे सगळं धरलं की आकडा सात-आठ तासांवर जातो. तेवढा वेळ नसेल तर एकच वार घ्यावा आणि तो पाळावा. उत्साहाच्या भरात चार वार कबूल करून दुसऱ्या महिन्यात दोनावर आलं, तर मुलांना मिळालेले दोन दिसत नाहीत, गेलेले दोन दिसतात. आणि जायचं ते जोडीनं. एकाला ताप आला तरी वर्ग उघडतो, आणि कोणीही मोठा माणूस एखाद्या मुलासोबत बंद दाराआड एकटा राहत नाही. हा दुसरा नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. त्याला अपवाद नाही.

वर्ग बुडाला तर सगळी मुलं सारखी गळत नाहीत, हे लक्षात यायला वेळ लागतो. ज्याच्या घरी कुणी अडवत नाही ते मूल पुढच्या वेळीही येतं. पण जिला या दीड तासासाठी घरात रदबदली करावी लागते, आधी भांडी उरकून, धाकट्याला शेजारी सोपवून, आईची नाराजी पत्करून यावं लागतं, तिचा सगळा युक्तिवाद एका बुडालेल्या वर्गानं निकालात निघतो. "बघ, आले का तुझे ताई?" त्यानंतर ती येत नाही. म्हणजे आपल्या गैरहजेरीची किंमत नेमकं तेच मूल मोजतं, ज्याच्यासाठी वर्ग काढला होता. येणं जमणार नसेल तर निरोप आदल्या दिवशी, वस्तीतल्या एखाद्या मोठ्या माणसाकडे आणि कारणासह पोचला पाहिजे. लहान मुलं अर्धा तास आधीच येऊन बसलेली असतात.

वेळ आपल्या सोयीनं ठरवली की पहिली चूक तिथेच होते. आधी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी वस्तीत नुसतं जाऊन पाहावं: नळाला पाणी कधी येतं, कामावरची माणसं कधी परततात, सावली कुठून कुठे सरकते, लाउडस्पीकर कुठे लागतो. पाणी आलं की अर्धा वर्ग उठून जातो. तो बेशिस्तपणा नसतो, त्या घरचं दिवसभराचं पाणी त्या मुलाच्या खांद्यावर असतं. अशा वेळी नियम कडक करण्यापेक्षा वर्ग अर्धा तास पुढे ढकलणं शहाणपणाचं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. बालवाडीत मुलं येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कामात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं सोडून मुलं येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. नवख्या स्वयंसेवकानं पहिल्या आठवड्यात एवढी एकच गोष्ट मनात पक्की केली तरी पुष्कळ.

पण सगळ्यात मोठा पेच पुढेच असतो, आणि तो कडेवर बसून येतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. ती पाटी हातात घेते, तो पाटी ओढतो. तो रडला की ती उठते. चार जण चिडतात, आपणही मनातून वैतागतो. अशा वेळी "लहान मुलांना आणायचं नाही" असा नियम सुचतो. तो केला की पुढच्या आठवड्यात पोर दिसत नाही, आणि त्याच्यासोबत ती मुलगीही दिसत नाही. बाळ सांभाळण्यातून तिची सुटका झालेली नसते, फक्त आपल्याकडचा गोंगाट कमी झालेला असतो.

उपाय साधा आहे पण त्याला माणूस लागतो. एका कोपऱ्यात वेगळी सतरंजी, त्यावर झाकणाचे डबे, कापडी चेंडू, धुता येणारे मोठे ठोकळे. तोंडात जाईल एवढी लहान वस्तू एकही नको. मणी, बिया, बाटलीची बुचं तर नकोच. जोडीतला एक जण पूर्ण वेळ तिथे बसणार. तीन-चार बाळांना एक माणूस, त्याहून जास्त असतील तर आणखी एक. वस्तीतलीच एखादी आजी तयार झाली तर फार चांगलं, कारण बाळ तिच्याजवळ रडत नाही. पहिले काही दिवस ती मुलगी दर दोन मिनिटांनी मागे वळून बघते. मग कधीतरी एक दिवस वीस मिनिटं ती वळून बघत नाही. पुस्तकात डोकं घालून बसलेली ती पाठमोरी मुलगी बघितली, की सतरंजीवर बसणाऱ्याला आपण "फक्त पोरं सांभाळतो" असं पुन्हा वाटत नाही.

पहिले दोन आठवडे शिकवू नये. नावं पाठ करावीत, घरी हाक मारतात तशी, त्याच उच्चारात. खेळ घ्यावेत, गोष्ट वाचून दाखवावी, बघत बसावं. सोळा-सतरा मुलांची नावं दोन आठवड्यांत येतात. तीस असतील तर येत नाहीत, आणि तीस मुलांना दोन माणसं पुरतही नाहीत. वीसच्या वर संख्या गेली की दुसरा गट आणि दुसरा वार करावा.

मग प्रत्येक मुलाची वाचनाची पायरी बघायची. यासाठी 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची पद्धत सोपी आहे. ग्रामीण भागातल्या मुलांना किती वाचता येतं, किती गणित येतं हे बघणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून याच धर्तीच्या साधनानं होते. चार कागद लागतात: एकावर मोठी मोकळी अक्षरं, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार वाक्यांचा उतारा, चौथ्यावर आठ-दहा वाक्यांची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. सलग वाचला तर गोष्ट द्यायची, अडखळला तर शब्दांवर यायचं. पाच शब्दांतले चार बरोबर आले तर ती शब्दपायरी, नाहीतर अक्षरं, तिथेही पाचातली चार. एका मुलाला तीन ते पाच मिनिटं लागतात. समोर न बसता शेजारी बसावं, आणि बाकीची मुलं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर खेळत असावीत. हे पाळलं नाही तर दोन गोष्टी होतात: पुढचं मूल मागच्याचं ऐकून उतारा पाठ म्हणतं, आणि ज्याला येत नाही ते सगळ्यांदेखत उघडं पडतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट. असं उघडं पडलेलं मूल परत येत नाही.

गट पायरीप्रमाणे करायचे, वयाप्रमाणे नाही, हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे. प्रत्यक्षात बारा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या मुलांत बसायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. त्याला जबरदस्ती केली की तो मारामारी सुरू करतो, म्हणजे त्याला बाहेर काढलं जातं आणि त्याची सुटका होते. त्याच्यासाठी अक्षरं तीच ठेवावीत, पण शब्द त्याच्या जगातले घ्यावेत: चाक, पाना, खेळाडूंची नावं, बसवरच्या पाट्या. गटांना अंक न देता रंगांची नावं द्यावीत. आणि पायरीचं काम चाळीस मिनिटांपुरतंच ठेवावं. गाणी, गप्पा, गोष्ट, खेळ, आवराआवर सगळ्यांनी एकत्र. शेवटच्या खेळात जो पंच असतो, त्याला चाळीस मिनिटं धाकट्यांसोबत बसायला जड जात नाही.

अक्षरांच्या गटात एक फसवी गोष्ट असते. मूल "क का कि की" सुरात धडाधड म्हणतं, आपल्याला वाटतं येतंय. मधलंच "की" बोटानं दाखवून विचारावं, तर ते पहिल्या "क"पासून पुन्हा सुरू करतं आणि मोजत मोजत तिथे पोचतं. बाराखडी त्याला गाणं म्हणून येते, वाचन म्हणून नाही. म्हणून पत्ते करावेत, एका वेळी आठ-दहा, आणि दर वेळी पिसावेत. घ आणि ध, प आणि ष, ट-ठ-ढ, भ आणि म एकाच दिवशी आणू नयेत. एक पक्कं होईपर्यंत दुसऱ्यानं वाट बघावी. सुरुवात मुलाच्या नावातल्या अक्षरापासून करावी. आपलं नाव लिहिता आलं की मूल ते जमिनीवर, दारावर, हातावर, सगळीकडे लिहीत सुटतं. थांबवू नये.

गणितात तर चूक आपलीच निघते. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधक ग्राहक बनून गेले आणि त्यांनी विक्रीच्या ओघात हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच धर्तीची गणितं शाळेसारखी कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. पस्तिसाला एक या दरानं दहा नारळांचे किती, यावर एक मुलगा म्हणाला होता: तिनांचे एकशे पाच, आणखी तिनांचे दोनशे दहा, असं करत तीनशे पंधरा आणि वर पस्तीस, साडेतीनशे. त्यानं शून्य लावण्याची शाळेची युक्ती वापरली नाही. नऊ नारळांपर्यंत तो तिनातिनांच्या गठ्ठ्यांनी पोचला.

हे वाचलेलं असूनही वर्गात पहिला महिनाभर आपण "याला गुणाकार येत नाही" असंच वहीत लिहितो. बदल तेव्हा होतो जेव्हा एखादं मूल वर्ग सुटल्यावर सुट्ट्या पैशांचा हिशेब डोळ्यांदेखत तोंडी करून दाखवतं, आणि दहा मिनिटांपूर्वी त्याच बेरजेवर वहीत भोपळा मिळालेला असतो. तेव्हा विचारावं, "कसं काढलंस?" ते बोलेल ते जसंच्या तसं फळ्यावर मांडावं, आणि मग शेजारी शाळेची रीत मांडावी. दोन्हींचं उत्तर एकच येतं हे मुलाला दिसलं, की वहीची भीती उतरायला लागते. त्या प्रश्नाचं उत्तर ऐकण्याचा संयम मात्र आपल्याला शिकावा लागतो. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजून पाहिलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनात एक-दोन-तीन मोजायचं, एवढंच. ते इतकं जड जातं की पहिल्या दिवशी आपली जीभ दातांत धरावी लागते.

काही मुलं शिकत नाहीत असं वाटतं, तेव्हा आधी शरीराकडे बघावं. फळ्यावरचं न बघता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल बहुधा नक्कल करत नसतं. त्याला दिसत नसतं. डोळे बारीक करणं, डोकं एका बाजूला कलवणं, पुस्तक नाकाशी धरणं या खुणा महिनाभर लिहून ठेवल्या की डोळे कोणाचे तपासायचे ते कळतं. हाक मारल्यावर एकाच बाजूनं वळणारं, कान वाहणारं मूल असेल तर त्याला दवाखान्यात नेण्याबद्दल पालकांशी त्याच आठवड्यात बोलावं. झोपणाऱ्या मुलाला झोपू द्यावं. रात्रभर माणसांच्या वर्दळीच्या एका खोलीत झोपलेल्या किंवा सकाळपासून पोटात काही नसलेल्या मुलाला दीड तासातली पंचेचाळीस मिनिटं शांत झोप मिळाली, तर वर्गाचा तोही उपयोगच आहे.

वस्तू वाटण्याबद्दल मी फार कडक आहे. एकदा खाऊ दिला की पुढच्या वेळी मुलं येतात ती खाऊसाठी, आणि दिला नाही तर आपण कमी पडतो. त्याहून वाईट म्हणजे वाटपाच्या वेळची रेटारेटी: मोठे पुढे घुसतात, लहान तुडवले जातात, आणि तासाभरापूर्वी शेजारी बसून वाचणारी मुलं एकमेकांची वैरी होतात. साहित्य वर्गाचं असावं. वीस मुलांना पंचवीस पेन्सिली, चार खोडरबर, तीन शार्पनर, सगळं एका उघड्या, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीच्या खोक्यात. शेवटी मोजायचं काम मुलांकडे. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरींनी बालगृह उघडलं, तेव्हा साहित्य आधी कुलपात असे. एक दिवस कपाट उघडं राहिलं आणि मुलांनी आपापलं काम निवडून घेतलं. त्यातून पुढे बुटकी, उघडी फडताळं आली. पेन्सिली कमी भरल्या तर झडती घेऊ नये. "दोन कमी आहेत, पुढच्या वेळी सापडल्या तर खोक्यात टाका" असं म्हणावं. बहुतेक वेळा सापडतात.

पुस्तकं मात्र घरी जाऊ द्यावीत. दहांतली दोन-तीन परत येणार नाहीत असं धरूनच घ्यावीत. काही भिजतील, काहींवर धाकटा रेघोट्या मारेल. फाटक्या पुस्तकांसाठी महिन्यातून एक तास, खळ आणि पातळ कागद घेऊन, मुलांसोबतच बसावं. स्वतः चिकटवलेलं पुस्तक मूल पुन्हा फाडत नाही. घरात वाचता येणारं कुणी नसलं तरी पुस्तक जाऊ द्यावं, कारण मग वाचून दाखवायचं काम मुलाकडे येतं.

एखादं मूल कधी तरी हळू आवाजात असं काही सांगतं की ऐकणाऱ्याचे हातपाय गार पडतात. त्या क्षणासाठी आधी तयारी हवी. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. खोदून खोदून विचारू नये, चेहरा शांत ठेवावा, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी यात काही चूक नाही" एवढं म्हणावं. मूल गेल्यावर त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहावं आणि त्याच दिवशी ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला कळवावं. ती व्यक्ती कोण, बालसंरक्षणाची सरकारी यंत्रणा कोणती, तिचा नंबर काय, हे पहिला वर्ग घेण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. फोटोंचं तर सोपं आहे. पालकांची परवानगी आणि मुलाची मर्जी दोन्ही नसेल तर काढायचा नाही, आणि रडणारा, उघडा, मळका चेहरा तर परवानगी असली तरी नाही.

वर्गानंतर दहा मिनिटं नोंदी लिहाव्यात, घरी जाऊन नव्हे, तिथेच. कोण आलं, कोण नाही, काय जमलं, काय फसलं. सहा महिन्यांनी ही वही मागून पुढे वाचली, की मुलांपेक्षा लिहिणाऱ्यातला बदल आधी दिसतो. पहिल्या पानांवर सगळं "नाही"नं भरलेलं असतं: अक्षरओळख नाही, शिस्त नाही, पालकांचं लक्ष नाही. पुढे पुढे वाक्यं लांबतात. आई रात्रपाळीला जाते म्हणून सकाळी ती झोपलेली असते आणि मूल स्वतःचं आवरून येतं, असं लिहिलेलं सापडतं. "पालकांचं लक्ष नाही" हे शब्द पुन्हा लिहायला हात धजत नाही. "ही मुलं" हा शब्दप्रयोग गळून पडतो आणि त्या जागी नावं येतात. हा बदल ठरवून होत नाही. कुणाला मदत केल्याच्या समाधानाशी त्याचा फार संबंधही नाही; ते समाधान पहिल्या महिन्यात संपतं, आणि संपलेलं बरं. त्यानंतर जे उरतं ते काम असतं, आणि त्या कामात ज्यांची आठवण सुट्टीच्या दिवशीही येते अशी सोळा-सतरा माणसं असतात. लहान असली तरी माणसंच.

पहिल्याच दिवशी मूल येऊन बिलगलं, तर त्याला आपलं यश समजू नये. ज्या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसं सारखी बदलत राहतात, ती कधीकधी कुणाही परक्याला लगेच चिकटतात. अनाथालयांत वाढलेल्या मुलांवरच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे. म्हणूनच दोन आठवड्यांसाठी येऊन जीव लावून जाणारे पाहुणे मला धोक्याचे वाटतात. प्रेम खरं असलं तरी त्याचा हिशेब मुलाला चुकवावा लागतो.

जायची वेळ प्रत्येकावर येते. किमान सहा आठवडे आधी सांगावं. भिंतीवर कागद लावून उरलेल्या वर्गांच्या चौकटी आखाव्यात आणि दर वेळी एक मुलाच्या हातून रंगवून घ्यावी, म्हणजे सगळ्यात धाकट्यालाही किती उरले ते दिसतं. काही मुलं या काळात वाह्यात वागतात, काही येणंच थांबवतात. आपण टाकले जाण्याआधी आपणच टाकायचं, असं ते असतं. त्यांच्या घरी जाऊन बोलवावं. "भेटायला येईन" असं म्हणू नये, येणार असलं तरीही. शेवटचे चार वर्ग नव्या माणसासोबत घ्यावेत, त्यातल्या शेवटच्या दोनांत मागे बसावं.

आणि त्या नव्या ताईसाठी किंवा दादासाठी प्रत्येक मुलामागे दोन-चार ओळी लिहून ठेवाव्यात. पायरी आणि गुण तर असतातच. पण खरी कामाची ओळ वेगळी असते: याला डाव्या बाजूनं हाक मारा. हिच्या धाकट्याला निळा डबा लागतो. हा हरला की पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसतो, मग आपणच येतो. हिला मोठ्यानं वाच म्हणू नका. शेजारी बसून आपलं पुस्तक उघडा, तिसऱ्या पानापर्यंत ती वाचायला लागते.